अनुभव धागा : गिनती, मुलाकात, तारीख

राजेहो, आमच्या गावापासून मोर्शीचं खुलं कारागृह जवळ. लहानपणी तिथले बंदी वावरात काम करताना दिसत. 'हे पळून काऊन नाही जात?' असं बापाले विचारलं, तर तो म्हणे, 'पळाला तं पुन्हा बंद जेलात. इथं महिना काढला तं शिक्षेत महिन्याची माफी भेटते. कोण पळन?' तुकडोजी महाराज ४२ साली नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते, हे आम्ही शाळेत अभिमानानं शिकलो. पण गल्लीतला माणूस सुटून आला की त्याच्या अंगणात कोणी चहालेही जात नाही. तुम्ही आत राहिले असाल, आत नोकरी केली असन, नाहीतर कोणाच्या मुलाकातीले गेले असाल, तर लिहा. गुन्हा लिहू नका, जेलाचं नाव लिहू नका.

धुऱ्यावरचा
गुन्हा लिहू नका म्हणता, पण माझं धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं, भांडण होतं, आपल्याकडे दुसरं काय असते! कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, चौदा महिने आत होतो. पुढं निर्दोष सुटलो.

पाच वाजता जेवण, अन् अंधार पडायच्या आत गिनती होऊन बराक बंद. त्या टायमाले आपण वावरातून निघतही नाही. भूक लागे रात्री नऊले, तोवर सारं थंड. एका जुन्या कैद्यानं शिकवलं : पोळ्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायच्या, अन् वरणाची वाटी ताटलीत पाणी घालून त्यात ठेवायची, मंग मुंग्या नाही लागत. जागा इतकी की शेजाऱ्यानं कूस बदलली तर आपल्यालेही बदलावी लागे.

खरा ताप तारखेचा. कोर्टात न्यायले पोलिसांचा गार्ड लागते, जेलाचे शिपाई नेत नाहीत. गार्ड आला नाही की तारीख गेली. माझ्या अशा तीन गेल्या. अंघोळ करून, एकच चांगला शर्ट होता तो घालून गेटापाशी बसायचं. अकरा वाजता सांगत, 'आज गार्ड नाही.' शर्ट काढायचा, घडी करायची, पिशवीत ठेवायचा. तिसऱ्या वेळेस घडी नाही केली, तसाच कोंबला.

कापूस फुटला तेव्हा बायको मुलाकातीले आली. म्हणे, 'सीतादही मी एकटीनंच केली.' कापूस वेचायच्या आधीची पूजा ती. जाळीतून काय बोलणार! भाव काय चालू आहे, ते विचारलं.

गावाकडची वकील
वरच्या भाऊंसारखे कोणी आत असतील तर : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. आधी कधीच कोणत्या गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही. अर्ज कारागृह अधीक्षकानं कोर्टाकडे करायचा असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

मायच्या वतीनं
माय सांगते, मी टाइप करते. दोन एसट्या बदलून जिल्ह्याले जायचं. २०२३ च्या मार्चपासून बायांले अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मी पण संग जाते. पहिल्या वेळी मायनं बाबासाठी ठेचा-भाकर नेली होती. गेटावर म्हणे, घरचं चालत नाही. आम्ही ती बसस्टँडवर बसून खाल्ली. माय म्हणते एवढंच लिही.

निवृत्त शिपाई
आमचंही ऐका. किल्ली आमच्या हातात, पण ड्युटी संपेपर्यंत आम्हीही आतच. मोबाइल गेटवर जमा. गिनती जुळली नाही तर कोणीच हलत नाही. एकदा एक माणूस कमी भरला. पुन्हा मोजले, तरी एक कमीच. आमच्या हवालदाराला थंडीत घाम फुटला. शेवटी कोपऱ्यातल्या ब्लँकेटच्या ढिगाखाली एक म्हातारा गाढ झोपलेला सापडला. शिव्या द्यायच्या सोडून हवालदारानं त्याला स्वतःच्या वाटचा चहा पाजला.

माझ्या लग्नाच्या वेळी मामा पाहुण्यांना म्हणाला, 'पोरगा नागपूरच्या जेलात आहे.' पाहुणे उठायलाच लागले. 'नोकरीले, नोकरीले!' म्हणत मामा त्यांच्या मागं धावला.

फर्लोवाला
संचित रजेवर (फर्लो, शिक्षा चालू असताना मिळणारी सुटी) पहिल्यांदा घरी आलो. पाच वाजताच मी ताट मांडून बसलो, सारे हसले. झोप काही येईना. बराकीत रातभर लाइट राहते, डोळ्याले तीच सवय. मध्यरात्री उठून ओसरीतला बल्ब लावला, तवा कुठं डोळा लागला. सकाळी माय म्हणे, 'बिल कोण भरन रे, तुहा बाप?'