लष्करी गेमला आपला फुकटचा घाम काऊन द्यायचा?

मनसरचा_मॉडर
राजेहो, दोन वर्षं रात्री जागून आर्मा ३ या युद्धाच्या गेमसाठी रामटेक-मनसरचा टेरेन, म्हणजे गेममधली जमीन, बनवला. मे महिन्यात कूलर माझ्याकडे कमी अन् सीपीयूकडे जास्त असायचा. आता लष्करी ट्रेनिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीचा मेल आलाय. म्हणे, सिम्युलेटरमध्ये वापरू द्या, तुमचं नाव टाकू. पैशाचा शब्द नाही.

२००१ मध्ये आर्माचा पूर्वज ऑपरेशन फ्लॅशपॉइंट आला. त्याच इंजिनावर लष्कराच्या सरावासाठी व्हीबीएस नावाचं सॉफ्टवेअर निघालं, ते अमेरिकी मरीन अन् ऑस्ट्रेलियन लष्करानं घेतलं. २०२२ मध्ये व्हीबीएसवाली कंपनी बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश शस्त्रास्त्र कंपनीनं २० कोटी डॉलरला विकत घेतली. इकडे आर्मा २ चा खप २०१२ मध्ये उसळला तो डेझेड या मॉडमुळे, म्हणजे खेळणाऱ्यानं गेमवर बनवलेल्या फुकट भरीमुळे. म्हणजे गेम जिवंत ठेवायचा आपण, अन् मलई दुसऱ्यांची?

धंतोलीकर
पटत नाही. तुला कोणी बोलावलं होतं का मॉड बनवायला? हौस तुझी, वीजबिल तुझं.

आणि लष्कर टेरेनचे पैसे देत नाही, देतं ते बाकी सोयींचे. सराव संपल्यावर कोण कुठे होता, पहिली गोळी कोणी झाडली, ते मागे नेऊन दाखवता येतं. दुसऱ्या सिम्युलेटरांशी जोडता येतं. बिघडलं तर फोन उचलणारा माणूस असतो. प्रीपार३डी घे: मूळ मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरचं, लॉकहीड मार्टिननं पुढे नेलं. त्याच्या परवान्यात स्पष्ट आहे, करमणुकीसाठी नाही. विमान तेच, करार वेगळा.

सोनेगाव_धावपट्टी
उलटी गंगाही वाहते की. डीसीएस या विमानांच्या गेममधलं ए-१०सी विमान आधी अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी बनलं, मग आपल्यासारख्यांना मिळालं. आणि फाल्कन ४.० या जुन्या विमान-गेमचा सोर्स कोड २००० मध्ये फुटला, तेव्हापासून हौशी पोरंच त्यातलं एफ-१६ घासूनपुसून ठेवताहेत. कोणाचं कोणावर कर्ज, हिशेब लागत नाही.

कामठीवाला_माजी
मी आपल्या लष्कराच्या गार्ड्समध्ये होतो. तुमचे गेम नातू खेळतो, मी मागून पाहतो. गोळीचा आवाज मस्त, पण जमीन खोटी! शेतात माणूस वाचतो तो धुऱ्याआड, म्हणजे बांधाआड. दोन फुटांचा धुरा. तुमच्या नकाशात तो असतो का?

मनसरचा_मॉडर
काका, हेच तर! उंचीची फुकट माहिती २००० साली स्पेस शटलनं केलेल्या मोजणीची. ३० मीटरला एक ठिपका. त्यात रामटेकचा गड म्हणजे उशी वाटतो, अन् धुरा तर नाहीच. म्हणून मी गाडी काढून शिवारं फिरलो, जीपीएसनं धुरे मोजले अन् एकेक हातानं बसवला. त्यांना टेरेन नाही, माझे धुरे पाहिजेत.

धंतोलीकर
बरं, धुऱ्यांचं मानलं. हे आधी सांगायचं ना बे. पण तू स्वतः लायसन्स कोणतं लावलंस? आर्मा पब्लिक लायसन्स असेल तर त्यात नाव देण्यासोबत आणखी दोन अटी आहेत: धंद्यासाठी वापर नाही, आणि आर्माबाहेर नेणं नाही. म्हणजे आहे तसा वापर तुझ्याच लायसन्सात बसत नाही. आणि आर्मा बनवणाऱ्या बोहेमियाची टूल्स अव्यावसायिक वापरासाठीच असतात, तर तयार टेरेन तूही विकू शकत नाहीस. घाम गाळायच्या आधी अटी वाचायच्या असतात.

मनसरचा_मॉडर
वाचल्या होत्या. "मला काय विकायचंय" म्हणून पुढे गेलो.

पण धुऱ्यांच्या मोजणीची वही माझी आहे, ती कोणत्याच टूलमधून निघालेली नाही. तसंच उत्तर लिहून राहिलोय: टेरेन मिळणार नाही. मोजणी हवी असेल तर दिवसाचा दर सांगतो, पेट्रोल वेगळं.

कामठीवाला_माजी
पाठवायच्या आधी थांब पोरा. जमिनीच्या मोजणीबद्दल २०२१ मध्ये सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली. आडवी १ मीटर अन् उभी ३ मीटर, याहून बारीक अचूकतेची माहिती भारतीय माणसांनी अन् संस्थांनीच ठेवायची. तुझा धुरा दोन फुटांचा. कंपनी कुठली आहे?

मनसरचा_मॉडर
मेलच्या खाली पत्ता बाहेरदेशचा आहे काका. मसुदा ठेवून देतो.