‘मिनेरालिश’ म्हणजे नुसतं ‘खनिज’ नव्हे
‘मिनेरालिश’ (mineralisch) या जर्मन विशेषणाचा अर्थ भाषांतरात सरळ ‘खनिज’ असा दिला जातो. शब्दकोशापुरतं ते बरोबर आहे, पण जर्मन बांधकामात तो लावला की घोळ होतो. तिथे या विशेषणाचा रोख बंधकावर, म्हणजे मिश्रण धरून ठेवणाऱ्या घटकावर असतो. ‘मिनेरालिशर पुट्झ’ म्हणजे ज्याला चुना, सिमेंट किंवा जिप्सम धरून ठेवतं तो गिलावा. याच्या उलट ‘कुन्स्टहार्ट्सपुट्झ’, म्हणजे कृत्रिम राळेने बांधलेला. वाळू, संगमरवराचा चुरा दोन्हींत असतो, म्हणून ‘खनिज गिलावा’ लिहून वाचणाऱ्याला फरक कळतच नाही. मी तरी सरळ ‘चुना, सिमेंट किंवा जिप्समचा गिलावा’ असंच लिहीन.

रंगांत हे जास्त जपावं लागतं. आडोल्फ विल्हेल्म काइमने 1878 मध्ये पेटंट घेतलेला सिलिकेट रंग अस्सल ‘मिनेरालिश’: त्यातली पोटॅशियमची जलकाच (पाण्यात विरघळलेलं सिलिकेट, ‘वॉटर ग्लास’) गिलाव्याशी रासायनिक रीतीने जुळते. पण डिस्पर्शन-सिलिकेट रंगात, म्हणजे जलकाचेत थोडी कृत्रिम राळ मिसळलेल्या रंगात, जर्मन मानकानुसार 5 टक्क्यांपर्यंत सेंद्रिय घटक चालतात, आणि तोही ‘मिनेरालिश’मध्येच मोजतात. जर्मनीत भाड्याचं घर सोडताना मी डब्यावर हा शब्द वाचून असा रंग आणला आणि जुन्या इमल्शनवर लावला. काही आठवड्यांत पापुद्रे सुटले. डब्यामागे ‘मिनेरालिशर उंटरग्रुंड’, म्हणजे रंगाखालचा पृष्ठभाग ‘मिनेरालिश’ हवा असं लिहिलं होतं. ते विशेषण रंगाचं नव्हतं, खालच्या भिंतीचं होतं, आणि माझी भिंत प्लास्टिकच्या थराखाली होती. म्हणून भाषांतर करताना विशेषण कुठल्या नामाला लागलंय ते आधी बघा.