‘बदलापूर’चा रघू बरोबर होता म्हणणाऱ्यांनो, कांचनचं काय?

निशिगंध
चित्रवेडा यांचा कालचा लेख वाचला आणि गप्प बसवेना. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: श्रीराम राघवनने २०१५ साली ‘बदलापूर’ सिनेमा काढला आणि शेवटी कच खाल्ली, बायको-पोर गमावलेल्या रघूला गुन्हेगार ठरवलं, दरोडेखोर लियाकला संत केलं. रघूने जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं, असं त्यांचं म्हणणं. खाली टाळ्याच टाळ्या.

मला हे मुळीच मान्य नाही. पुण्यात भर रस्त्यात बँक लुटणारे रघूच्या बायकोची, मिशाची गाडी पळवतात, तिचा छोटा रॉबिन चालत्या गाडीतून बाहेर पडतो, तिला गोळी लागते. इथवर आपण सगळेच रघूचे. लियाकचा साथीदार हरमन लुटीच्या पैशावर हॉटेल टाकून मजेत राहतोय आणि लियाक त्याचं नाव न सांगता आत सडतोय, हे बघूनही रक्त तापतं. पण कांचन? राधिका आपटेने केलेली ती हरमनची बायको. तिने बँक लुटली नाही, गाडी पळवली नाही, पिस्तूल हातात धरलं नाही. रघू तिला खोलीत नेतो, दार लावून घेतो आणि तिला ओरडायला लावतो, का तर बाहेर बसलेल्या नवऱ्याने ऐकावं. पुढे दोघांनाही हातोडीने संपवतो. आणि शेवटी लियाक त्याला सांगतो, तुझी माणसं मी मारली, हरमनने नाही.

म्हणजे पंधरा वर्षं धुमसून या माणसाने जिला मारलं ती पूर्ण निर्दोष आणि ज्याला मारलं तो खुनी नव्हताच. ‘कुठल्याही बापाने केलं असतं’ या वाक्यात कांचन कुठे बसते ते मला समजावून सांगा.

चित्रवेडा
तुम्ही माझा लेख अर्धाच वाचलाय. कांचन मलाही दिसली. माझी तक्रारच ती आहे. दिग्दर्शकाने तिला मुद्दाम मधे आणली, कारण नुसत्या हरमनला मारलं असतं तर अख्खं थिएटर रघूच्या बाजूने उभं राहिलं असतं. नायकाच्या हातून एक निरपराध बाई मारून घ्यायची आणि मग म्हणायचं, बघा सूड किती वाईट. पत्ते आधीच लावून ठेवलेत. उलट नवाजुद्दीनच्या लियाकला सगळे हशे, सगळी माया, आजारपण, आई, प्रेयसी झिमली. ज्याने लेकराला चालत्या गाडीतून जाऊ दिलं त्याच्यासाठी प्रेक्षक हळहळतो. शेवटी हरमन-कांचनचे खून स्वतःच्या अंगावर घेऊन तो तुरुंगात मरतो आणि रघू त्याच्या उपकाराखाली. हा न्याय?

आणि ‘समजावून सांगा’ वगैरे भाषा नको. माझा सख्खा धाकटा भाऊ हायवेवर टेम्पोखाली गेला. टेम्पो उलट्या दिशेने येत होता, बघणारे चार जण होते. कोर्टात एकेक करून सगळे फिरले. तारखांना माझे वडील डबा घेऊन जायचे, साक्षीदार आला नाही म्हणून संध्याकाळी परत यायचे. ड्रायव्हर सुटला, आजही त्याच रस्त्यावर गाडी चालवतो. तुम्ही खुशाल कांचनसाठी रडा. मला रघू कळतो.

निशिगंध
तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही त्या ड्रायव्हरच्या बायकोला हातोडी घातली नाहीत. माझा मुद्दा एवढाच आहे.

चित्रवेडा
घातली नाही म्हणून मी शहाणा ठरत नाही. हिंमत नव्हती. तेवढंच.

कुळगावकर
चर्चेत पडायचं नव्हतं, पण या सिनेमाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. आम्ही तीन पिढ्या बदलापुरात. उल्हास नदी आहे, बारवी धरण जवळ आहे, पूर्वेला-पश्चिमेला मिळून नगरपरिषद आहे, पहाटेच्या लोकलला चढणारी लाखभर कष्टाची माणसं आहेत. आणि सिनेमात काय, तर रघूला सगळ्यांपासून तोंड लपवायला एक उदास गाव. नावात बदला आहे म्हणून उचललं, बस. त्यानंतर पुण्या-मुंबईचा कुठलाही माणूस भेटला की पहिला विनोद तोच. जुलै २०१९मध्ये वांगणी-बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर माणसं होती. एनडीआरएफ, नौदल यांच्याबरोबर आजूबाजूच्या गावातली पोरं धावली. त्यावर कुणी सिनेमा नाही काढला.

निशिगंध
कुळगावकर, तुमचा राग समजतो, पण इथे विषय रघूचा आहे.

कुळगावकर
विषय तोच आहे ताई. २०२४मध्ये काय झालं ते विसरलात का? आमच्याच गावातल्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाला, पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळत ठेवलं, २० ऑगस्टला लोक रुळांवर बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक गाडी हलली नाही. मागणी एकच, फाशी द्या, आत्ता द्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत मुंब्रा बायपासला गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पूरा’चे फलक लागले. सिनेमाने आमच्या गावाला जे चिकटवलं, ते त्या दिवशी खरं करून दाखवलं गेलं. मी दोन्हीवर सारखाच चिडलेलो आहे.

लेकीची आई
मी त्या दिवशी बदलापूर स्टेशनात होते. माझी मुलगी त्याच वयाची, दुसऱ्या शाळेत. मी कधी मोर्चात गेलेली बाई नाही, रुळावर पाय ठेवायलाही घाबरते. त्या दिवशी उतरले. शेजारच्या बाया पदर खोचून बसल्या होत्या, मुलांची दप्तरं मांडीवर. पोलिसांनी सांगितलं उठा, कुणी उठलं नाही. शेवटी लाठी चालली, तेव्हा माझ्या हातावर वळ उठला. महिनाभराने ती बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले. मी खाल्ला. आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. तुम्ही सिनेमातल्या बाईबद्दल बोलता, मला रात्री झोप येत नव्हती त्याचं काय?

वकिलाचा कारकून
ताई, तुमच्या रुळावर बसण्याला माझा नमस्कार. त्या दबावाशिवाय पुढचं काहीच हललं नसतं. पण पेढ्याबद्दल बोलतो, रागावू नका. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला तिथेच संपतो. कुणाला केव्हा कळलं, कुणी दाबायचा प्रयत्न केला, हे साक्षीपुराव्यात उलगडलं असतं. ती साखळी तुटली. संस्थेच्या विश्वस्तांना नंतर अटक झाली, पण मुख्य आरोपीविरुद्धचा पुरावा कोर्टात कधीच तपासला जाणार नाही. पोलिसांचं म्हणणं, त्याने पिस्तूल हिसकावलं. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका आहे. आणि तारीख बघा. मुंबईत १९९५ ते १९९७च्या ९९ चकमकींवरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. साधारण १३५ माणसं त्यांत मेली होती. प्रत्येक चकमकीचा स्वतंत्र तपास झालाच पाहिजे, हा निकाल २३ सप्टेंबर २०१४चा. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला हे घडलं.

चित्रवेडा
आला कायदा! कायद्याने माझ्या वडिलांचा डबा रिकामा केला, बाकी काही केलं नाही. तुम्ही लोक कोर्टाच्या आवारात बसून पक्षकाराला ‘पुढची तारीख’ सांगता आणि वर आम्हाला धडे देता.

वकिलाचा कारकून
माझ्यावर घसरायचं असेल तर घसरा. मी पुढची तारीख सांगतो हे खरं, आणि ती सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही हेही खरं. साक्षीदार फुटतो तेव्हा त्याला धरून ठेवणारी भक्कम यंत्रणा आपल्याकडे नाही, यात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण एक प्रकरण सांगतो. नोव्हेंबर २००६, वर्सोवा, लखनभैया चकमक. लखनभैयाचा भाऊ स्वतः वकील. त्याच्याही घरातलं माणूस मारलं गेलं होतं आणि मारणारे वर्दीतले होते. तो हातोडी घेऊन निघाला नाही, कोर्टात बसला. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस. पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले होते, तर मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्यांनाही जन्मठेप सुनावली. सतरा वर्षांच्या वर गेली. रघूच्या पंधरापेक्षा जास्त. त्याच्या हातून कुणा कांचनचा जीव गेला नाही.

चित्रवेडा
तो वकील होता. माझे वडील एसटीत कंडक्टर. हा फरक तुमच्या गोष्टीत कुठे आहे?

वैदर्भीय
तुम्ही सगळे एकट्या पुरुषाच्या सुडावर अडकलात. नागपूरचं कस्तुरबानगर आठवा. अक्कू यादव हा गुंड वर्षानुवर्षं वस्तीतल्या बायकांवर अत्याचार करत होता, पोलीस त्याच्या खिशात. १३ ऑगस्ट २००४ला भर कोर्टात वस्तीतल्या बायांनी त्याला संपवलं. दहा वर्षांनी पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. माझी मावशी त्या वस्तीपासून दोन गल्ल्या सोडून राहायची. संध्याकाळी सातनंतर ती मुलींना संडासालाही एकटं पाठवत नसे. त्या बायांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. निशिगंध, आता कांचन दाखवा मला त्यात.

निशिगंध
नाही दाखवता येत. तिथे ज्याने छळलं तोच मेला, आणि छळ झाला होता याला अख्खी वस्ती साक्षीदार होती. माझ्या आधीच्या लिखाणात हे बसत नाही, मान्य करते, नाइलाजाने. पण तुम्हीच बघा, त्या बायकांनी त्याच्या बायको-पोरांना हात लावला नाही. रघूला कुणाला मारायचं हेच माहीत नव्हतं. लियाक मरणाच्या दारात, म्हणून राग हरमनवर गेला, हरमन हातात आला म्हणून कांचनवर गेला. पोलिसांच्या गाडीत गोळी झाडली जाते तेव्हाही, माणूस बरोबर आहे की नाही हे आपल्याला त्यांच्याच तोंडून कळतं. मला भीती त्याची आहे.

लेकीची आई
म्हणजे माणूस चुकीचा होता असं म्हणायचंय तुम्हाला? बोला सरळ.

निशिगंध
नाही. अजिबात नाही म्हणत. पण खटला चालला असता तर ते वाक्य न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिलं असतं आणि कुणाला शंका काढायला जागा राहिली नसती. आज त्या मुलींच्या पालकांकडे तो कागद नाही. पेढ्याने तो मिळाला नाही.

लेकीची आई
कागद घेऊन काय करायचं हे त्या आईला विचारा, मला नाही. मी तुमचं म्हणणं ऐकलं, पटलं नाही. एवढं मात्र खरं की ज्या लोकांनी तक्रार घ्यायला टाळाटाळ केली त्यांच्यावरचा माझा राग ती बातमी आल्यावर कमी झाला होता आणि तो कमी व्हायला नको होता. त्यांना फार स्वस्तात सुटका मिळाली.

कुळगावकर
हे मी दोन तास सांगतोय. रुळावर बसलेल्या बायकांचे फोटो दोन दिवस दिसले, फलक मात्र महिनाभर.

चित्रवेडा
एवढा ओरडा झाल्यावर काल रात्री सिनेमाचा शेवटचा भाग परत लावला. झिमली रघूला भेटते आणि लियाकने तुला दुसरी संधी दिली असं सांगते, तो प्रसंग मला पूर्वी ढोंगी वाटायचा. आजही लियाकसाठी माझ्या डोळ्यात पाणी येत नाही आणि दिग्दर्शकाने पत्ते लावलेत हे मी सोडणार नाही. पण कांचनचा प्रसंग मी पुढे ढकलत होतो, रिमोटवर बोट ठेवून. पूर्वीही दरवेळी तेच केलं असणार. लेखात ‘कुठल्याही बापाने’ लिहिलंय ते काढतो. ‘मी’ लिहितो. माझ्यापुरतं ते खरं आहे आणि त्याचं उत्तर मी कुणाला देणार नाही.

निशिगंध
काढलंत तर बरं होईल. ‘मी’शी माझं भांडण आहेच, पण ते उद्या. लियाकच्या आईलाही तुम्ही दिग्दर्शकाच्या पत्त्यांत मोजलंत, तेही साफ चुकीचं आहे.