मदत हवी आहे : कुर्डुवाडी जंक्शनभोवतीच्या जुन्या वस्तीची माहिती

सप्रेम नमस्कार. एके काळी ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुर्डुवाडी स्थानकाभोवती वस्ती कशी वाढत गेली, याविषयी मी टिपणे जमवत आहे.

येथून १८९७ साली बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, आणि १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. एवरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याविषयी आणि त्याच्या इंजिनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मात्र रेल्वेच्या कारखान्यातील कामगार, हमाल आणि गाडी बदलण्यासाठी येथे थांबणारे वारकरी यांच्याविषयी फारच थोडे सापडते, आणि माझ्या मते गावाचा खरा इतिहास तोच आहे.

आपल्या घरातील कोणी या रेल्वेत नोकरीला असल्यास त्यांच्या आठवणी, रेल्वे वसाहतीची छायाचित्रे किंवा जुनी तिकिटे पाहावयास मिळतील का? स्थानकाबाहेरील बाजारपेठेत पहिली दुकाने कोणत्या गावांहून आलेल्या लोकांनी थाटली, हेही कोणी सांगू शकल्यास उपकृत होईन. मूळ कागद पाठवण्याची आवश्यकता नाही. भ्रमणध्वनीवर काढलेले स्पष्ट छायाचित्र पुरेसे आहे.