मदत हवी आहे: भयपटाचे मराठी सबटायटल लिहितोय, 'फेअरी'ला परी म्हणू का? (शेवट फुटेल, सावधान)

रातकिडा

नमस्कार मंडळी. आईचं वय बहात्तर, डोळे उत्तम, कान उत्तम, इंग्रजीशी मात्र तिचं कधी जमलं नाही. भुताखेतांचे सिनेमे हा तिचा जुना शौक. मी शेजारी बसून धावतं समालोचन करतो, आणि नेमकं दार करकरतं तेव्हाच माझं तोंड उघडतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ठरवलं की एका सिनेमाचे सबटायटल मराठीत आपणच लिहायचे. घरच्यापुरते.

सिनेमा २०२४ चा 'द वॉचर्स'. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे शहरात राहणारी मीना एक सोनेरी पोपट पोचवायला बेलफास्टच्या दिशेने निघते. वाटेत रानात गाडी बंद पडते. अंधार पडता पडता एक म्हातारी तिला हाका मारून एका खोलीत ओढून घेते. त्या खोलीची एक भिंत अख्खी काचेची. आत मीना धरून चार माणसं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. रोज रात्री चौघांनी त्या काचेसमोर रांगेत उभं राहायचं आणि बाहेरून कुणीतरी त्यांना न्याहाळायचं. नियम ठरलेले. काचेकडे पाठ करायची नाही. रात्री दार उघडायचं नाही. दिवसा रानात फिरा, पण जमिनीतल्या बिळांच्या वाटेला जायचं नाही.

तर अडलंय कुठे? बऱ्याच ठिकाणी अडलंय, पण सगळ्यात जास्त 'फेअरी'वर. सिनेमात मध्यावर कळतं की बाहेरचे ते प्राणी म्हणजे फेअरी. इथे मी 'परी' लिहिलं आणि स्वतःच हसलो. तासभर जीव मुठीत धरून बसलेल्या आईला मी सांगणार की बाहेर पऱ्या आहेत? ती म्हणेल, मग दार उघड की, येऊ दे आत.

शिवाय 'चेंजलिंग', म्हणजे उचलून नेलेल्या माणसाच्या जागी ठेवलेलं दुसरं काहीतरी, त्याला काय म्हणायचं? त्या खोलीला इंग्रजीत 'कूप' म्हणतात, त्याला काय? आणि मुळात शीर्षक? 'पाहणारे' लिहिलं तर चुलतमामेभाऊ मुलगी पाहायला आल्यासारखं वाटतं. 'बघे' तर अपघाताभोवती जमतात.

शब्दखुळा

कूप म्हणजे खुराडं. यात विचार कसला करताय? काचेमागे ठेवलेली चार माणसं, रात्री मोजायची, सकाळी सोडायची. खुराडंच.

अर्धवटराव

शीर्षक: नजरकैद.

रातकिडा

@अर्धवटराव, दंडवत. चार दिवस डोकं खाजवतोय आणि तुम्ही एका शब्दात मोकळे.

खुराडं पण घेतलं.

मोरपंखी

नजरकैद भारीच. त्यावरून आठवलं, हा सिनेमा अमेरिकेत 'द वॉचर्स' म्हणून आला, पण आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये त्याचं नाव 'द वॉच्ड' होतं. एकाच सिनेमाचं नाव एकीकडे बघणाऱ्यांवरून, दुसरीकडे बघितले जाणाऱ्यांवरून. नजरकैदेत दोन्ही बाजू येतात.

आणि एक, ती दुसरी मुलगी 'सियारा' लिहू नका. आयरिश नाव आहे, उच्चार 'कीरा'.

कोरडाठाक

'फेअरी'ला हडळ, जखीण किंवा आसरा करा ना. आसरा हा शब्द मुळात अप्सरेवरूनच आलाय. नाव सुंदर, पण पाण्याशी गेल्यावर लोक घाबरून असतात. अगदी फिट्ट.

शब्दखुळा

@कोरडाठाक, कल्पना चांगली, पण आसरा म्हटलं की डोळ्यांपुढे डोह आणि शेंदूर लावलेले सात दगड येतात. आयर्लंड गेलं तेल लावत. हडळ म्हटलं की चिंचेचं झाड आलं, उलटी पावलं आली. प्रेक्षक पाय बघत बसेल. रान तिथलं आहे ते तिथलंच राहू द्या.

तिथल्या गोष्टींतले हे लोक आपल्याला चित्रांत दिसतात तसे फुलपाखराच्या पंखांचे चिमुकले नाहीत. जुन्या कथेप्रमाणे तूआहा दे दानन नावाची एक जमात युद्धात हरली आणि जमिनीखाली गेली. आयरिश भाषेत टेकाडाला 'शी' म्हणतात आणि त्या लोकांना 'ईस शी', म्हणजे टेकाडातली मंडळी. सिनेमातली बिळं आली ती तिथून. गंमत नाही करत, बिळांऐवजी 'वारूळ' लिहिलंत तर आईला चटकन कळेल की हात घालायची जागा नाही.

रातकिडा

वारूळ छान आहे हो, पण मीना चक्क दोर धरून आत उतरते. वारुळात उतरणारी बाई बघून आई सिनेमा थांबवेल. बिळंच ठेवतो.

फ्यूज_उडाला

अवांतर, पण कामाचं. ती भिंत काही संवादांत 'ग्लास' आहे आणि काहींत 'मिरर'. दोन्हीला एकच शब्द वापरू नका. असल्या काचेवर धातूचा पातळ थर असतो. थोडा उजेड परततो, थोडा पार जातो. ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूच्या माणसाला स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून रात्री आत दिवा लागला की आतल्यांना आरसा आणि बाहेरच्यांना खिडकी. दिवसा उलट. म्हणजे रात्रीच्या प्रसंगात 'आरसा', दिवसाच्या प्रसंगात 'काच'. आणि दिवा हाच खरा पिंजरा आहे, तो मालवला की आतल्यांनाही बाहेरचं दिसेल. बघायची हिंमत असेल तर.

मोरपंखी

दिवा 'मालवला' लिहिलंत, 'विझवला' नाही. संस्कार बाकी आहेत अजून :)

जुनीजाणती

मोरपंखी गमतीत बोलून गेली, पण या धाग्याचं उत्तर तिथेच आहे.

आपण दिवा विझवत नाही, मालवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. रात्री साप म्हणत नाही, जनावर म्हणतो, लांबडं म्हणतो. ज्या रोगाने घरं ओस पडली त्याला आपण 'देवी' म्हणायचो, 'देवी आल्या' असं, पाहुण्या आल्यासारखं. जे नको असतं त्याचं नाव घ्यायचं नाही.

आयर्लंडमध्ये थेट हेच. जुनी माणसं त्यांना 'फेअरी' म्हणायचीच नाहीत. 'भली माणसं' म्हणायची, 'खानदानी मंडळी' म्हणायची, किंवा नुसतं 'ती माणसं'. ऐकत असतील तर राग नको. आणि हे फार जुनं आहे असं समजू नका. क्लेअर परगण्यात लाटून इथे १९९९ मध्ये नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं एक झुडूप येत होतं. ते त्या मंडळींचं आहे, तोडू नका, अशी हाकाटी एका कथेकऱ्याने केली आणि झुडूप वाचलं.

तेव्हा रातकिडा, तुम्ही नामाच्या मागे धावताय तेच चुकतंय. खोलीतली माणसं कित्येक महिने तिथे राहतात. ती रोज उठून बाहेरच्यांना नावाने कशी हाक मारतील? सर्वनाम वापरा. फक्त 'ती'.

रातकिडा

@जुनीजाणती, पटलं. पण 'ती' की 'ते'? बाई की बुवा?

जुनीजाणती

दोन्ही नाही. ती गुरं, ती पाखरं, ती भुतं. नपुंसकलिंगी अनेकवचन.

आता भूतकाळ करून बघा. 'ती आली.' 'ती काचेपाशी थांबली.' 'ती आपल्याला बघत होती.' एक बाई आली की पुष्कळ काहीतरी आलं, वाक्यावरून सांगता येतं का?

तुमच्या सिनेमात ती म्हातारी शेवटी कोण निघते ते मी लिहीत नाही, तुम्ही पाहिलंय.

माझ्या वडिलांच्या पुस्तकांत ही सोय नव्हती. नपुंसकलिंगी 'तीं आलीं' वर अनुस्वार असायचे, लगेच कळायचं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत ते अनुस्वार गेले. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती, आता बघा कुणाच्या कामाला आले.

अर्धवटराव

अंगावर काटा.

शब्दखुळा

व्याकरणाने घाबरायची ही पहिलीच वेळ.

फक्त वर्तमानकाळ सांभाळा. 'ती येते' आणि 'ती येतात' यात लगेच फुटतं. बाहेरच्यांबद्दलचे संवाद जमेल तिथे भूतकाळात वळवा. मराठीत चालून जातं. दारावर थाप पडल्यावर आपण 'येतायत' म्हणत नाही, 'आली!' असंच ओरडतो.

रातकिडा

रात्रभर बसून अर्धा सिनेमा फिरवला. जुनीजाणती, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. म्हातारी (मॅडलिन) सगळ्यांना 'तू' म्हणते, बाकीचे तिला 'तुम्ही'. पण बाहेरच्यांबद्दल बोलताना सगळे 'ती'. आणि मॅडलिनच्या पाठीमागे तिघं बोलतात तेव्हा मी मुद्दाम 'त्या' न लिहिता 'ती'च ठेवलंय. घरातल्या खडूस म्हातारीबद्दल पाठीमागे तसंच बोलतात, कुणाला खटकणार नाही.

आता 'चेंजलिंग'. मी 'तोतया' लिहिलंय. बरोबर?

कोरडाठाक

तोतया म्हटलं की पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. तोतया स्वतः येऊन सांगतो की मी अमुक. हे तसं नाही. इथे आपलं माणूस उचलून नेतात आणि त्याच्या जागी दुसरं ठेवतात. घरच्यांनाच संशय येतो.

जुनीजाणती

बरोबर. आणि तो संशय फार वाईट. टिपरेरी परगण्यात बॅलिवॅडली गावी मार्च १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई आजारी पडली. शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवणारी, नीटनेटकी राहणारी. ही माझी बायको नव्हेच, तिच्या जागी ठेवलेलं दुसरं काहीतरी आहे, असं तिच्या नवऱ्याने धरून ठेवलं. नातेवाईक घरात असताना तिला जाळलं. नंतर तो जवळच्या जुन्या गढीपाशी रात्री जाऊन बसायचा, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली, १९१० मध्ये सुटला.

सिनेमातल्या प्राध्यापकाची गोष्ट या गोष्टीच्या बरोबर उलटी आहे, तेवढं लक्षात ठेवून त्याचे संवाद लिहा. एकाला आपली खरी बायको परकी वाटली, दुसऱ्याला परक्यातून बायको घडवायची होती.

शब्द म्हणाल तर 'पालटलेलं'. माणूस पालटला असं आपण म्हणतोच, स्वभावाबद्दल. इथे ते अक्षरशः घ्यायचं.

रातकिडा

पालटलेलं. घेतलं. तोतया खोडला.

फ्यूज_उडाला

फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतील. आणि टीव्हीवर लावणार असाल तर आधी दोन मिनिटं तपासा. बऱ्याच टीव्हींना जोडाक्षरं झेपत नाहीत, 'म्हातारी'चा पाय मोडलेला दिसतो. लॅपटॉप जोडून तिथूनच चालवा. एका वेळी दोनच ओळी, आईंसाठी अक्षर मोठं.

मोरपंखी

पोपटाचं काय केलंत? मीना बाहेर पडताना त्याला मरू नको अशा अर्थाचं काहीतरी थट्टेने म्हणते आणि तो तेच उचलतो.

रातकिडा

तिथे दोन दिवस गेले. 'मरू नकोस हं' लिहिलं तर घरातून निघताना असं अभद्र कोण बोलतं म्हणून आई नाराज. 'जीव सांभाळ' फार गोड होतं, त्यातला तिरकसपणा जातो. शेवटी 'येते मी, जिवंत राहा' असं केलं. 'जाते' नाही लिहिलं. जाणारी माणसं 'येते' म्हणतात आणि हिला परत यायला सिनेमाभर जमत नाही.

शब्दखुळा

आईंना दाखवलात की कळवा.

रातकिडा

काल दाखवला. अहवाल असा.

'मीना' वाचून पहिला प्रश्न, ही आपल्यातली का? मग पोपटावर जीव जडला. खुराडं वाचून खुदकन हसली, नियम वाचल्यावर हसणं थांबलं. मी शेजारी बसून एक अक्षर बोललो नाही, घरात कुणाचा विश्वास बसणार नाही.

मग रात्रीचा तो पहिला प्रसंग. चौघं रांगेत उभी, बाहेर ओरखडण्याचा आवाज, आणि खाली माझी ओळ: 'ती आली.'

आईने चष्मा वर केला आणि विचारलं, "कोण, ही म्हातारी?"

अजून सव्वा तास सिनेमा बाकी होता. आता तुम्हीच सांगा, माझं सबटायटल जमलं की फसलं?

जुनीजाणती

तुम्ही काय उत्तर दिलंत?

रातकिडा

काही नाही. म्हटलं, पुढे बघ. तर म्हणाली, "बघतेय की. तीही बघतेय."