दुहेरीच्या सामन्यात नजर कुठे ठेवायची?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. टेनिस मी लेकीमुळे बघायला लागले, त्यामुळे माझे प्रश्न अगदी पहिलीतले वाटतील. जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती.

लेक तेरा वर्षांची आहे. आठवड्यातले पाच दिवस पहाटे साडेपाचला उठून खेळायला जाते. गेल्या महिन्यात सरांनी तिला वयोगटाच्या स्पर्धेत एकेरीत न उतरवता फक्त दुहेरीत उतरवलं. घरी आली ती किटबॅग दारातच टाकून आतल्या खोलीत. "ज्यांना एकेरी जमत नाही त्यांनाच दुहेरीत ढकलतात, आई." दोन दिवस नीट जेवली नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, तिला नेटजवळ यायची भीती वाटते, ती दुहेरीतच जाईल. मला ते पटलं, पण मुलीला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं असंही वाटलं.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी चर्चगेटला उतरून सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपनची महिला दुहेरीची फायनल बघायला गेलो होतो. एका बाजूला आपली प्रार्थना ठोंबरे आणि नेदरलँड्सची एरियान हार्टोनो, समोर अमिना आन्शबा आणि एलेना प्रिदान्किना. पहिला सेट आपली जोडी टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये, हरली. दुसरा आपल्या जोडीने 6-2 असा घेतला. मी म्हटलं आता तिसरा, तर तिसरा सेट झालाच नाही! एक लांबलचक टायब्रेक, 10-7, आणि आपल्या जोडीचा खेळ खलास. लेक रडवेली झाली आणि तिला काय सांगावं ते मला कळेना, कारण मलाच काही कळलं नव्हतं. 40-40 झाल्यावर एकाच गुणात गेम कसा संपायचा? त्याआधी रिटर्न करणाऱ्या दोघी एकमेकींच्या कानात काय बोलायच्या? आणि नेटजवळची मुलगी पाठीमागे हात नेऊन बोटं कसली दाखवायची? माझी नजर चेंडूमागे इकडून तिकडे धावायची आणि काय झालं ते समजायच्या आत टाळ्या पडायच्या.

लेकीला घेऊन पुन्हा सामने बघायचे आहेत. कसे बघू? आणि दुहेरी म्हणजे कमी दर्जाचं हे तिच्या मनातून कसं काढू?

सकाळची दुहेरी, दादर

ताई, मी एकतीस वर्षं रोज सकाळी दुहेरीच खेळतो आहे. तुमचा प्रश्न वाचून चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो.

नियमांचं आधी उरकतो. विम्बल्डनसारख्या चार मोठ्या ग्रँड स्लॅम स्पर्धा सोडल्या तर डब्ल्यूटीएच्या (महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) दुहेरीत तिसरा सेट खेळत नाहीत. सेट 1-1 झाले की दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे आधी दहा गुण करेल ती जोडी जिंकली, फक्त दोन गुणांची आघाडी हवी. 40-40 ला ॲडव्हान्टेज नाही, म्हणजे सलग दोन गुण घ्यावे लागत नाहीत, एकच निर्णायक गुण. तो उजव्या बाजूला घ्यायचा की डाव्या, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. आता गंमत बघा, रिटर्नच्या बाजू सेटभर बदलता येत नाहीत. उजवीकडची उजवीकडेच. म्हणजे बाजू निवडली की रिटर्न कोण मारणार हेही ठरलं. त्या कानात बोलत होत्या ते हेच, की हा गुण तू घेतेस की मी. सामने आटोपशीर राहावेत आणि एकेरीच्या खेळाडूंनाही दुहेरी खेळायला जमावं म्हणून हे आणलं.

आता मुख्य गोष्ट. चेंडू बघू नका. जिच्याकडे चेंडू नाही तिला बघा.

सर्व्हिस ज्या जोडीची आहे, तिच्यातली नेटजवळची खेळाडू धरा. ती पाठीमागे बोटं दाखवते ते मागच्या जोडीदारणीसाठी. बहुतेक जोड्यांत मिटलेली मूठ म्हणजे मी जागेवरच आहे, उघडा पंजा म्हणजे मी आडवी धावणार, माझी बाजू तू सांभाळ. प्रत्येक जोडीच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात. सर्व्हिस कुठे पडणार हेही त्यातच ठरतं. मग तिचे पाय बघा. समोरची खेळाडू रिटर्न मारायला मान खाली घालून चेंडूवर नजर लावते, नेमक्या त्या क्षणी ही सुटते. अर्धा क्षण आधी सुटली तर समोरचीला दिसतं आणि चेंडू रिकाम्या बाजूने सरळ रेषेत निघून जातो. अर्धा क्षण उशीर झाला तर हात पोचत नाही. दुहेरीतला निम्मा खेळ या पावलाचा आहे.

आणखी एक. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. नवख्यांना वाटतं त्या पट्टीत मारायचं. पण नेट खांबाशी साडेतीन फूट उंच असतं आणि मध्यावर तीन फूट. मधून मारलं तर अर्धा फूट कमी ओलांडायचं, समोरच्यांना तिरपा कोन मिळत नाही, आणि दोघींनाही वाटतं दुसरी घेईल. सीसीआयवर पुन्हा गेलात तर मधून किती गुण जातात ते मोजा.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, वय 74, गुडघ्यांनी साथ सोडलेली. नेटजवळ उभे राहून ते फक्त रॅकेटचं तोंड दोन इंच आत वळवतात. समोरच्याला वाटतं हे आता आडवे येणार, आणि तो घाईत बाहेर मारतो. काकांनी चेंडूला हातही लावलेला नसतो आणि गुण त्यांचाच असतो. स्कोअरमध्ये हे कुठेच दिसत नाही.

बार्शीकर

ठोंबरेंचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या बार्शीची मुलगी. भगवंताचं देऊळ आणि ज्वारीचा बाजार यासाठी ओळखलं जाणारं गाव. मी शाळेत होतो तेव्हा कुणाच्या हातात टेनिसची रॅकेट बघितल्याचं मला आठवत नाही. तिथून निघून 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्य, 2016 ला रिओ ऑलिंपिक. तुम्ही बघितलीत त्याच्या आदल्या वर्षी, 2024 लाही, हीच जोडी याच मुंबईच्या स्पर्धेत फायनलला होती. तेव्हा याकुपोविच आणि सांतामारिया जिंकल्या. सलग दोन वर्षं एकाच ठिकाणी फायनल हरायची आणि तरी पुढच्या स्पर्धेसाठी बॅग भरायची. लेकीला हे जरूर सांगा.

डावी बाजू

ताई, मी तुमच्या लेकीच्या जागी होते. सोळाव्या वर्षी मलाही असंच फक्त दुहेरीत घातलं आणि कुणी कारण सांगितलं नाही. ते कारण न सांगणंच जास्त लागलं होतं. त्यामुळे सरांशी तुम्ही बोलताना तिलाही समोर बसवा.

कमी दर्जाचं म्हणाल तर तिला बेलारूसची अरिना सबालेंका दाखवा. याच सीसीआयवर 2017 साली ती एकेरी जिंकून गेली, तेव्हा तिला इथे फार थोडे लोक ओळखत होते. पुढे एलिस मर्टन्सबरोबर 2019 ची यूएस ओपन आणि 2021 ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकली, दुहेरीत जगात पहिली झाली, आणि एकेरीत पहिली झाली ती त्यानंतर, 2023 मध्ये. चेक प्रजासत्ताकाची बार्बोरा क्रेचिकोवा तर 2021 ला फ्रेंच ओपनमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली. यांना कुणी ढकललं नव्हतं.

पण खोटंही सांगू नका. दुहेरीत बक्षिसाची रक्कम कमी, तीही दोघींत वाटायची. प्रवेश दोघींची क्रमवारी एकत्र धरून मिळतो, त्यामुळे जोडीदारीण शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. जोडी जमते, मग तिचा खांदा दुखावतो, आणि आपण पुन्हा लोकांना मेसेज करत बसतो. मी हे चार वर्षं केलं. तरीही आज कोर्टावर जायचं म्हटलं तर मी दुहेरीच खेळेन.

नेटच्या भीतीवर एक उपाय आहे, माझ्यावर चालला. रॅकेट बाजूला ठेवायची. नेटपासून दोन पावलं मागे उभं राहायचं आणि समोरून हळू येणारे चेंडू नुसत्या हाताने, शरीराच्या पुढे झेलायचे. रोज वीस-पंचवीस. मान वळवायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. आठवड्याभरात चेंडू अंगावर येतो ही भावना जाते. आणि तिला विचारा, तुला कुठली बाजू आवडते? हे तिचं तिने ठरवावं.

तिसरा सेट हवाच

दादरच्या काकांनी नियम बरोबर सांगितले, पण दहा गुणांचा टायब्रेक मला मान्य नाही. 2015 ची विम्बल्डन फायनल आठवा. सानिया आणि तिची स्विस जोडीदारीण मार्टिना हिंगिस पहिला सेट 5-7 हरल्या, दुसरा टायब्रेकवर घेतला, तिसऱ्यात 2-5 मागे. तिथून 5-5. मग अंधारलं म्हणून छप्पर बंद करून दिवे लावले आणि 7-5 जिंकल्या. मी घाटकोपरला शेजाऱ्यांकडे बसून बघत होतो, त्यांच्या आजीसुद्धा जाग्या होत्या. तिसरा सेट पूर्ण होता म्हणून सावरायला वेळ मिळाला. मुंबईत प्रार्थना-हार्टोनोने दुसरा सेट 6-2 घेतला होता, लय त्यांच्या हातात आली होती, आणि तिथेच सामना दहा गुणांवर आणून ठेवला. दुहेरीच्या खेळाडूंनाही पूर्ण सामना मिळायला हवा.

सकाळची दुहेरी, दादर

2-5 वरून परत येणं टायब्रेकमध्येही होतं हो, मी बघितलंय. पण त्या फायनलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मीही त्या रात्री झोपलो नव्हतो.

पार्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला जवळ बसवून सगळं वाचून दाखवलं. मग एक जुना सामना लावला आणि दोघींनी ठरवलं, चेंडू बघायचा नाही. पहिले दोन गेम काहीच सुधरलं नाही, डोळे आपोआप चेंडूकडे जायचे. तिसऱ्या गेमला ती एकदम ओरडली, "आई, सुटली बघ!" आणि खरंच नेटजवळची मुलगी रिटर्न येण्याआधीच मध्यावर पोचली होती.

काका, तुमच्या 74 वर्षांच्या काकांचं तिने दोनदा वाचलं.

बाजू विचारली तर म्हणाली डावी. सरांकडे शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. आत्ता गच्चीत जोडीदारणीशी फोनवर बोलते आहे, मूठ कशाची आणि पंजा कशाचा ते ठरवताहेत. आमच्या सोसायटीत जिन्याखाली मोकळी जागा आहे, हाताने चेंडू झेलायचं उद्या सकाळपासून तिथेच सुरू करतो. चेंडू मी टाकणार आहे. 'डावी बाजू' ताई, किती अंतरावरून टाकू तेवढं सांगाल का?