पोटातला मेंदू: तुमचे अनुभव लिहा

शाळामास्तरीण
दहावीला विज्ञान शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, भीती डोक्यात असते, तर पेपर वाटताना पोटात गोळा का येतो?" अन्ननलिकेपासून खालपर्यंत आतड्याच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत, म्हणून त्याला दुसरा मेंदू म्हणतात. मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू तर पोटाचे निरोप वर नेतात. एवढं सांगितलं, पण घरी आल्यावरही विचार डोक्यातून जाईना. डोक्याला न विचारता शरीरानं काही केल्याचं तुम्ही पाहिलंय का? माणूस, प्राणी, कुणाचंही चालेल.

नीरफणस
लहानपणी दारात पाल चिमटली होती. पाल पसार, शेपूट उंबऱ्यावर. आजीचा चहा गाळून झाला तरी वळवळ थांबेना. शेपटातल्या मज्जारज्जूच्या तुकड्याला तेवढं जमतं, हे फार नंतर कळलं.

रानहळद
बी. फार्म.च्या प्रॅक्टिकलला सशाच्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ३७ अंशांच्या टायरोड द्रावणात, म्हणजे क्षारांच्या पाण्यात, टांगायचो. खालून हवेचे बुडबुडे, वर दोरा, दोऱ्याला तरफ, तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर. ससा गेलेला, आणि तुकडा आवळतोय, सैल पडतोय. काळ्यावर पांढऱ्या लाटा उठत राहायच्या. बेलिस आणि स्टारलिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी १८९९ साली कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, तरी आतडं दाबलं की वरची बाजू आवळायची, खालची सैल पडायची. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही. तो कागद जर्नलमध्ये अजून आहे.

प्राजक्त
बाबांना कंपवात आहे. हात थरथरायला लागण्याआधी कितीतरी वर्षं त्यांना बद्धकोष्ठता होती. आम्ही इसबगोल देत राहिलो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पोटाचं विचारलं. ह्या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन आतड्याच्या चेतापेशींतही सापडतं म्हणे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या पोटाची तक्रार 'वयाचं आहे' म्हणून सोडू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

लेकुरवाळी
माझ्या लेकानं जन्मल्यावर दोन दिवस शी केली नाही. पोट तबल्यासारखं ताणलेलं, उलटी हिरवी. तपासणीसाठी तुकडा काढला तेव्हा कळलं, आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नाहीत. हिर्शस्प्रुंगचा आजार, साधारण ५००० बाळांत एकाला होतो. सर्जननी कागदावर नळी काढून दाखवली. गर्भात ह्या पेशी मानेकडून आतड्यात शिरतात आणि खाली सरकत जातात. ह्याच्या वाटेतच थांबल्या. पुढचं आतडं कायम आवळलेलं, कारण त्याला 'सैल हो' म्हणणारं कुणी नाही.

मेंदू ठणठणीत होता हो त्याचा! माझ्याकडे टक लावून बघायचा.

तेवढा भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. सहाव्या दिवशी पहाटे लंगोट ओला लागला म्हणून सोडला, तर पिवळी शी. मी हुंदके देत सासूबाईंना उठवलं. त्यांनी आधी हात धुतले, मग देवापुढे साखर ठेवली.